नवा मासा आठवडाभरही टिकत नाही? पाण्याआधी जुन्या माशांकडे बघा

"पाणी उत्तम आहे, कोरल छान उघडतायत, जुने मासे ठणठणीत आहेत. फक्त नवीन आणलेला मासा आठवड्याभरात जातो. दुसरा आणला, तोही गेला." नाशिकमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारं कुणी भेटलं की दहा मिनिटांत बोलणं या तक्रारीवर येतं. मग पाणी बदललं जातं, मिठाची नवी बादली येते, टेस्ट किट बदलतं, आणि पुढचा मासाही जातो.

माझ्या घरी, इंदिरानगरला, असे पाच मासे गेले. तीन फायरफिश, एक पिवळा वॉचमन गोबी, एक रॉयल ग्रामा. टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशोबाने १९० लिटर, दगड आणि वाळू वजा जाता दीडशेच्या आसपास. सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) १.०२५, तापमान २६ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट दहाच्या आत. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, ते आरओ आणि डीआय फिल्टरमधून काढलं की विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवतो. प्रत्येक मासा गेल्यावर मी हे सगळं पुन्हा मोजलं आणि प्रत्येक वेळी आकडे बरोबरच आले. चूक आकड्यांत नव्हती, ती टँकमध्ये सगळ्यात आधी सोडलेल्या माशात होती. हे समजायला पाच जीव जावे लागले, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्याकडे ती वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मासा नेमका कधी गेला, ते आधी लिहून काढा

मासा गेला की आपण "मेला" एवढंच लक्षात ठेवतो. आणल्यापासून किती दिवसांनी गेला आणि जाताना त्याचं अंग कसं होतं, या दोन गोष्टींतून निम्मं निदान होतं.

पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत गेला, तर प्रवास आणि सोडण्याची पद्धत तपासा. आपल्याकडे बहुतेक मासे कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून येतात. पिशवी बांधल्यापासून घरी उघडेपर्यंत पाच-सहा तास सहज जातात. थंडीत कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली की पिशवीतलं पाणी गार पडतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत थर्मोकोलच्या खोक्याशिवाय मासा आणूच नये. पण गारठ्यापेक्षाही मोठा धोका वेगळा आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. पीएच कमी असला की माशाच्या अंगातून बाहेर पडलेला अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो, आणि त्याचा त्रास कमी असतो. आपण पिशवी उघडतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. अशा पाण्यात आपण माशाला दोन तास थेंबथेंब टँकचं पाणी सोडत ठेवतो, म्हणजे जपतोय असं समजून त्याला विषात ठेवतो. लांबून आलेल्या माशासाठी सरळ उपाय असा: दुकानदाराला फोन करून त्याच्या पाण्याची सॅलिनिटी विचारा (बरीच दुकानं १.०२० किंवा त्याहून कमी ठेवतात), आपला क्वारंटाइन टँक (नवा मासा आधी वेगळा ठेवायचा छोटा टँक) आदल्या दिवशीच त्या आकड्यावर आणा, पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा आणि पिशवी उघडली की मासा लगेच सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. सॅलिनिटी नंतर चार-पाच दिवसांत हळूहळू वर न्या.

नव्यासोबत जुने मासेही धापा टाकू लागले, वेव्हमेकरच्या (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड धरून उभे राहिले, अंगावर बारीक पिवळसर धूळ दिसली, तर तो वेल्वेट नावाचा परजीवी रोग आहे. त्यात फार वेळ मिळत नाही. मिठाच्या कणासारखे सुटे पांढरे ठिपके असतील तर मरीन इच. हा परजीवी तीन ते सात दिवस माशाच्या अंगावर राहतो, मग गळून वाळूत जातो. ठिपके गेले की आपल्याला वाटतं बरा झाला, पण काही दिवसांनी तो कितीतरी जास्त संख्येने परत येतो. यावर तांब्याचं औषध चालतं, पण फक्त वेगळ्या टँकमध्ये. मुख्य टँकमध्ये तांबं गेलं तर झिंगे आणि कोरल दोन्ही जातील. मासे बाहेर काढून मुख्य टँक बिनमाशांचा ठेवायचा, त्याची हौशी लोकांत रुळलेली मुदत ७६ दिवस आहे.

दीड-दोन महिन्यांनी पोट खपाटीला जाऊन गेला, तर ती उपासमार. मँडरिनचं बहुतेकदा असंच होतं. तो दगडावरचे जिवंत कोपेपॉड (झिंग्यांच्या कुळातले अगदी बारीक जीव) टिपून खातो, आणि नव्या किंवा लहान टँकमध्ये ते त्याला पुरत नाहीत. दिसायला कितीही देखणा असला तरी तीन फुटांत मँडरिन आणू नका.

आणि चौथा प्रकार, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. मासा तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत कधीतरी जातो. अंगावर ठिपके नाहीत. शेपटीची कड फाटलेली, एखाद्या बाजूचे खवले निघालेले. जाण्याआधी तो सतत वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे किंवा ओव्हरफ्लोच्या (पाणी बाहेर जाण्याच्या कप्प्याच्या) जाळीपाशी चिकटलेला असतो, खायला पुढे येत नाही. किंवा मासा मिळतच नाही, आणि सकाळी फरशीवर वाळलेला सापडतो. माझी दुसरी फायरफिश अशीच गेली. मी म्हणालो, उडी मारली बिचारीने, आणि टँकवर जाळी बसवली. जाळी हवीच, फायरफिश उडी मारणारीच जात आहे. पण ती त्या रात्री का उडाली, हे मी स्वतःला विचारलं नाही. हा चौथा प्रकार म्हणजे दादागिरी.

ती दिसत का नाही

आम्ही रोज टँक बघतो, मारामारी असती तर दिसली असती, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. ओळखली ती आईने. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की ती टँकपासून सात-आठ फुटांवरच्या खुर्चीत जपमाळ घेऊन बसते. एकदा म्हणाली, "अरे, तो काळा पांढऱ्या ठिपक्यांचा आहे ना, तो त्या बारक्याला बाहेर येऊ देत नाही. तू जवळ गेलास की मात्र शहाण्यासारखा पुढे येतो."

खरं कारण तेच होतं. आपण काचेजवळ गेलो की सगळे मासे खाण्याच्या आशेने पुढे येतात आणि तेवढ्यापुरतं भांडण थांबतं. त्या दिवशी मोबाइल स्टँडवर लावून अर्धा तास व्हिडिओ घेतला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. नंतर बघितलं तर रॉयल ग्रामा दगडाच्या कपारीत उलटा चिकटून होता आणि डॉमिनो डॅमसेल कपारीच्या तोंडाशी उभा. मारत नव्हता, नुसता उभा. ग्रामाने नाक बाहेर काढलं की हा अंग आडवं करायचा, पंख ताठ करायचा, ग्रामा आत. अर्ध्या तासात हे अकरा वेळा झालं. मध्ये एकदाच येऊन मी पंपाने मायसिस (झिंग्यासारखे बारीक जीव, माशांचं खाणं) सोडलं होतं, तेव्हा डॉमिनो दोन घास घेऊन परत दाराशी. ग्रामाच्या तोंडात एक कणही गेला नाही. दोन दिवसांनी तो गेला.

म्हणून दादागिरीत प्रत्येक वेळी चावून मरण येत नाही. उपाशी आणि भेदरलेला मासा आधी थकतो. थकला की प्रतिकारशक्ती जाते आणि एरवी दबून असलेला इच त्याच्यावर उठतो. मग आपण इचचं औषध शोधत बसतो आणि मूळ कारण दगडामागे तसंच राहतं.

तेव्हा औषध किंवा पाणी बदलण्याआधी व्हिडिओ घ्या. एकदा खाणं टाकण्याच्या वेळी आणि एकदा दिवे मालवण्याआधीच्या अर्ध्या तासात. झोपायची जागा पकडण्यावरून खरी हाणामारी तेव्हाच होते.

दोष बहुतेकदा पहिल्या माशाचा

टँक नवा असताना दुकानदार सांगतात, "आधी डॅमसेल टाका, स्वस्त असतात, चिवट असतात, टँक सायकल होईल." सायकल म्हणजे नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढवणं. माझ्याकडचा डॉमिनोही असाच आला होता, जेमतेम इंचभराचा, मखमली काळा, तीन पांढरे ठिपके. कुणालाही आवडावा असा. पण हा मासा पाच इंचांपर्यंत वाढतो, मोठेपणी ठिपके पुसट होतात आणि स्वभाव आणखी तापट होतो. रिकाम्या टँकमध्ये पहिला आल्यामुळे संपूर्ण तीन फूट त्याचे झालेले असतात. पुढे येणारा प्रत्येक मासा त्याच्या लेखी घुसखोर असतो. सायकलसाठी जिवंत मासा लागतच नाही. बाटलीबंद बॅक्टेरिया आणि अमोनियाचं द्रावण किंवा चिमूटभर माशांचं खाणं टाकूनही ते काम होतं. नवा टँक लावणाऱ्याने एवढी एकच गोष्ट पाळली तरी पुढचा निम्मा मनस्ताप वाचेल.

डॅमसेलखेरीज सिक्सलाइन रास, बायकलर डॉटीबॅक आणि मरून क्लाउन हे तिघे लहान टँकमध्ये असेच वागतात. तुमच्याकडे यातला एक जरी जुना रहिवासी असेल तर शोध तिथूनच सुरू करा.

"याचं याच्याशी जमतं" असे तक्ते मिळतात, त्यांचा उपयोग आहे, पण ते टँकचा आकार आणि कोण आधी आला हे सांगत नाहीत. माझ्या अनुभवात तीन गोष्टी त्याहून जास्त कामाच्या ठरल्या. सारखं दिसणारे भांडतात: रॉयल ग्रामा आणि बायकलर डॉटीबॅक दोघे पुढून जांभळे, मागून पिवळे. एक मूळचा कॅरिबियन समुद्रातला, दुसरा पॅसिफिकमधला, निसर्गात कधी भेटणारही नाहीत, पण टँकमध्ये डॉटीबॅक ग्रामाला जगू देत नाही. दुसरं, सारखं खाणारे आणि सारखी जागा मागणारे भांडतात. वाळूवर बसणारे दोन गोबी, दगडावरचं शेवाळ खरवडणाऱ्या दोन ब्लेनी तीन फुटांत नकोत. तिसरं, आपल्याच जातीतलं भांडण सगळ्यात वाईट. बांगाई कार्डिनल चार आणले की त्यातली एक जोडी जमते आणि ती उरलेल्या दोघांना संपवते. एकच ठेवा किंवा जमलेली जोडी घ्या.

क्लाउनचं मात्र वेगळं आहे. सगळे क्लाउन जन्मतः नर असतात. दोघांत जो मोठा तो मादी होतो, लहान नर राहतो. म्हणून जोडी घेताना मुद्दाम एक मोठा आणि एक लहान घ्या, सारख्या आकाराचे दोन घेतले तर मोठं कोण हे ठरेपर्यंत झुंज होते. जोडी जमल्यावर तिसरा क्लाउन, मग तो कितीही गोड दिसो, आणू नका. आणि शक्यतो हॅचरीत वाढलेलेच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र आपल्या देशात विकसित केलं आहे. असे मासे पेलेट लगेच खातात आणि समुद्रातून एक मासा कमी उचलला जातो.

काढायचा कसा

जाळीने पकडायला जाऊ नका. दगडांच्या फटीत तो जातो, कोरल मोडतात, बाकीचे मासे घाबरून आजारी पडतात. दोन लिटरची पाण्याची प्लास्टिक बाटली घ्या. खांद्यापाशी कापून गळ्याचा भाग उलटा आत बसवा, कडेला सुतळीऐवजी झिप टाय लावा, तळाला वाळूचं वजन. आदल्या दिवशी खाणं बंद. माझ्याकडे पहिल्या दिवशी बाटलीत दोनदा क्लाउन शिरला, त्याला सोडून दिलं. डॉमिनो गळ्यापाशी यायचा, आत बघायचा आणि मागे फिरायचा. मी बाटली काढलीच नाही, दोन दिवस तशीच राहू दिली, म्हणजे ती त्याला टँकचाच भाग वाटावी. तिसऱ्या संध्याकाळी ब्राइन श्रिम्पचा गोठवलेला अर्धा तुकडा आत ठेवला. तो विरघळू लागला, वास पसरला आणि डॉमिनो सरळ आत गेला. तळहाताने गळा बंद करून बाटली वर उचलली. देवळालीला एका मित्राकडे सहा फुटांचा, ट्रिगर माशांचा टँक आहे, तिथे तो आता राहतो. कुणाकडे सोय नसेल तर दुकानदार बहुधा परत घेतात. गोदावरीत सोडायचा विचारही नको, गोड्या पाण्यात तो तडफडून मरेल.

बाटलीत अजिबात येत नसेल, तर दगड एकेक करून बादलीत काढण्याला पर्याय नाही. पण तेही काम पूर्ण वाया जात नाही, कारण नंतर दगड वेगळ्या रचनेत लावता येतात आणि जुन्या हद्दी पुसल्या जातात. मी दादागिरीवाला निघाल्यावरही हे करायला सांगतो. उरलेल्यांतला दुसऱ्या नंबरचा लगेच त्या जागेवर हक्क सांगतो. माझ्याकडे क्लाउन मादीने दुसऱ्याच दिवशी डॉमिनोची कपार ताब्यात घेतली होती. रचना करताना प्रत्येक माशाला किमान दोन बिळं मिळतील आणि एका टोकाकडून दुसरं टोक सरळ दिसणार नाही, एवढं बघा. नजरेआड झालेला मासा पाठलागातून सुटतो.

पुन्हा भरताना

दादागिरीवाला काढल्यावर दोन आठवडे नवं काहीही आणू नका. मग बुजऱ्यापासून सुरुवात करा आणि तापट सगळ्यात शेवटी. आधी फायरफिश किंवा गोबी, मग ब्लेनी, मग कार्डिनल, मग क्लाउनची जोडी, मग ग्रामा. प्रत्येकाच्या मध्ये तीन-चार आठवडे, तेवढा वेळ नव्या माशाचा क्वारंटाइनमध्ये जातोच. क्लाउन आधीच आहेत म्हणून अडू नका, त्यांना दगड हलवल्यावर आणि नवा मासा डब्यात ठेवून सवय लावता येते.

हा डबा म्हणजे स्वयंपाकघरातली झाकणाची प्लास्टिकची जाळीदार टोपली, नवी, साबण न लागलेली. मेन रोडवर भांड्यांच्या दुकानात सहज मिळते. नवा मासा त्यात ठेवून टोपली टँकच्या वरच्या भागात अडकवायची. तीन-चार दिवस सगळे त्याला बघतात, जाळीवर धडका मारतात, कंटाळतात. नव्याला तिथेच खाणं मिळतं, त्यामुळे तो ताकदीने बाहेर येतो. धडका पाचव्या दिवशीही तशाच चालू असतील तर मासा सोडू नका. ते जमणार नाही, परत द्या. सोडायचा तो संध्याकाळी, दिवे मंद करून, बाकीच्यांचं पोट भरल्यावर.

पिवळ्या वॉचमन गोबीसोबत पिस्तूल झिंगा मिळाला तर जरूर घ्या. झिंगा बीळ खणतो, त्याला नीट दिसत नाही, म्हणून त्याची मिशी सतत गोबीच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट हलवतो आणि दोघे आत. ज्या गोबीला हा सोबती आहे तो एकट्या गोबीपेक्षा फार लवकर धीट होतो.

तीन फुटांत पाच-सहा लहान मासे पुरे. टँग नको, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. निळी टँग दुकानात दीड इंचाची असते, पूर्ण वाढली की फूटभर होते आणि तिला सहा फूट लांबी लागते. चार फुटांखालच्या टँकमध्ये कोंडलेली टँग स्वतःच दादागिरी करू लागते. कोरल असतील तर बटरफ्लाय नको, त्यातल्या बऱ्याच जातींचं खाणंच प्रवाळ आहे. कोरल ब्यूटीसारखे छोटे एंजल म्हणजे जोखीम: एक वर्षभर शहाणा राहतो, दुसरा पहिल्याच आठवड्यात झोआ नावाचे कोरल टोचायला लागतो. झिंगे असतील तर ट्रिगर आणि हॉकफिश नकोत. लायनफिशच्या तोंडात जो मावेल तो रात्रीतून नाहीसा होईल. इचवर "डॉक्टर मासा" म्हणून क्लीनर रास देतात, तोही घेऊ नका. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी हेच त्याचं अन्न, घरच्या टँकमध्ये तो बहुतेकदा उपाशी मरतो. क्लीनर झिंगा ठेवा, तो उरलेलं खाणंही खातो.

एक गोष्ट माशांपलीकडची, पण सांगायलाच हवी. कठीण प्रवाळ, समुद्रघोडे आणि जायंट क्लॅम यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार संरक्षण आहे. "समुद्रातून आलाय, ओळखीत देतो" असं कुणी म्हणालं तर हात लावू नका.

एप्रिल-मेमध्ये नवा मासा आणूच नये असं माझं मत आहे. नाशिकला पारा चाळिशीला टेकतो, चिलर नसलेला टँक तिशीला जातो, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि सगळेच मासे चिडचिडे होतात. पंख्याने पाणी उडतं, सॅलिनिटी चढते, ती साध्या आरओ पाण्याने रोज भरून काढावी लागते. गणपतीनंतर दिवाळीपर्यंतचे दिवस नवा मासा आणायला सगळ्यात चांगले, कसारा घाटातही हवा बेताची असते.

माझ्याकडे आता क्लाउनची जोडी, वॉचमन गोबी आणि त्याचा झिंगा, एक फायरफिश आणि लॉनमोअर ब्लेनी आहे. फायरफिश टोपलीत चार दिवस होती. पाचव्या संध्याकाळी झाकण उघडलं तेव्हा ती पंधरा मिनिटं आतच राहिली, मग बाहेर येऊन झोतात उभी राहिली, पाठीवरचा उभा पंख दोनदा हलवला आणि पहिलं मायसिस टिपलं. आई खुर्चीत होती. "हिला खाऊ देतायत सगळे," ती म्हणाली.